पोटात ऐकू येणारा आवाज

परेश सावेचा आवाज बारीक आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं. माणूस अंगाने धिप्पाड, मिशा भरघोस, आणि तोंड उघडलं की आतून आठवीतली मुलगी बोलते. डहाणू रोड स्टेशनवर तो तिकीट खिडकीत बसतो. काचेच्या आत माइक, बाहेर भोंगा. एखादा शेठ खाली वाकून सुटे पैसे शोधत, वर न बघताच म्हणतो, "मॅडम, एक वापी." परेश तिकीट सरकवतो. शेठ वर बघतो, मिशा बघतो आणि ओशाळतो. त्याच्याहून जास्त ओशाळतो परेश. फोनवर तर विचारूच नका. बँकेच्या पोरी विचारतात, "ताई, साहेब घरी आहेत का?" आणि हा "बाहेर गेलेत" म्हणून फोन ठेवून देतो.

त्याची बायको रश्मी तलासरी तालुक्यात करंजपाड्याच्या शाळेवर शिक्षिका. तिचा आवाज खणखणीत. त्यामुळे चिखल्याच्या त्यांच्या घरात भांडण झालं की शेजारच्या पांड्याकाकांना एकच बाजू कळते.

तर अशा माणसाने बुलेट घेतली, ती कशासाठी हे वेगळं सांगायला नको. पण गाडी घरी आली आणि त्याचा विरस झाला. गाडी चांगली होती, सभ्य होती, आणि सभ्यपणाचाच त्याला कंटाळा आला होता. मग तो आशागडला रूपेशच्या गॅरेजात गेला.

"कसा पाहिजे आवाज?" रूपेशने विचारलं. "पोरं लावतात तसा फटफट?"

"छे. कानात नाही, पोटात ऐकू आला पाहिजे. लांबून येतोय, जमिनीतून येतोय, असं वाटलं पाहिजे."

रूपेश मनापासून काम करणारा माणूस. त्याने सायलेन्सर उघडला, आतली जाळी काढली, मधले पडदे कापून टाकले आणि पुढे जाड, लांब नळी जोडली. एका शनिवारी सकाळी गाडी तयार झाली. रूपेशने ती चालू केली तेव्हा शेजारच्या टपरीवर ठेवलेल्या चहाच्या ग्लासात बारीक वर्तुळं उठली. परेशच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते रश्मीने लग्नातही पाहिलं नसेल.

"उतारावर गॅस सोडलात की धाड धाड वाजेल," रूपेश म्हणाला. "दचकू नका. आणि पोलिसांपासून जरा जपून."

रश्मीला त्याने काही सांगितलं नव्हतं. शनिवार म्हणजे तिची सकाळची शाळा, आणि त्याची ड्यूटी दुपारची. म्हटलं, तिला घ्यायला थेट शाळेवरच जाऊ, चकित करू. वडापच्या जीपमध्ये कोंबून यायची सवय असलेली बाई आज ऐटीत येईल. नवऱ्याच्या डोक्यात यापेक्षा वाईट काही नव्हतं, हेही सांगून ठेवतो.

करंजपाडा महामार्ग ओलांडून बराच आत, टेकडीच्या पाठीवर आहे. गाडीरस्ता खाली मोठ्या आंब्यापाशी संपतो. तिथून वर पायवाट. शाळेच्या दोन कौलारू खोल्या, पुढे मैदान आणि बाजूला खिचडी शिजवायची पत्र्याची शेड. या भागात काही वर्षांपूर्वी जमीन हलायला लागली. रोज हलत नाही. महिनोन्‌महिने गप्प बसते आणि एखाद्या दिवशी पुन्हा उठते. पण हलण्याआधी आवाज येतो. खोलवरून, ढमढमत. कानाला कळायच्या आधी तो पोटाला कळतो, आणि मग धक्का. मध्ये जेवढी उसंत मिळते तेवढ्यात घराबाहेर पडायचं, हे पाड्यावरचं रांगतं पोरही शिकलंय. पहिल्या साली तर लोक अख्खा हिवाळा उघड्यावर निजले होते.

रश्मीने शाळेत नियम घालून दिला होता. आवाज आला की बाईंची वाट बघायची नाही. ज्याला आधी ऐकू येईल त्याने "आला!" म्हणून ओरडायचं आणि सगळ्यांनी डोक्यावर हात ठेवून मैदानात जाऊन बसायचं. बाईंचं तोंड फळ्याकडे असेल, बाईंना ऐकू येणार नाही, तुमचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत, असं ती सांगायची. विचारल्याशिवाय पाणी प्यायलाही न उठणारी ती मुलं या एका बाबतीत आपल्या मर्जीची मालक होती, आणि त्याचा त्यांना मोठा अभिमान होता.

पाड्याचाही स्वतःचा एक नियम होता. पहिल्या साली धक्क्याने एका घरातली चूल विस्कटली आणि कुडाने पेट घेतला. तेव्हापासून चूल विझवल्याशिवाय बाईमाणूस घराबाहेर पाऊल टाकत नाही. चुलीशी पाण्याचा हंडा भरलेला असतोच.

परेश आंब्यापाशी पोचला आणि त्याच्या लक्षात आलं की इथे आवाज फार सुंदर घुमतो. समोर टेकडी, मागे टेकडी. त्याने गाडी लगेच बंद केली नाही. जागच्या जागी गॅस दिला, सोडला, पुन्हा दिला. आवाज टेकडीत शिरला आणि दुप्पट होऊन परत आला. जगाने त्याला पहिल्यांदाच नीट ऐकलं होतं. मग गाडी बंद करून, हेल्मेट हातात घेऊन, तो शीळ घालत पायवाट चढला.

वर आला तर मुलं मैदानात रांगेने बसलेली, डोक्यावर हात. त्याला वाटलं, कवायत चालली आहे. तेवढ्यात शेडमधून कुणीतरी विव्हळल्याचा आवाज आला.

शाळेची खिचडी धोंडी शिजवायची. पन्नाशीची बाई, पोरं तिला आजी म्हणत. "आला!" ऐकल्यावर ती नियमाप्रमाणे चूल विझवायला धावली. पाणी ओतायचं तर आधी वरणाचं पातेलं उतरवायला हवं. घाईत फडकं निसटलं आणि उकळतं वरण तिच्या पावलावर सांडलं. घोट्याखाली सगळी कातडी सोलून निघाली होती.

"भूकंप झाला," रश्मी धापा टाकत म्हणाली. "केवढा आवाज आला! तुम्हाला कळलं नाही?"

"नाही."

"गाडीवर कळत नाही," तिनेच उत्तर दिलं. ते खरंही आहे. चालत्या गाडीवर धक्का कळत नाही. परेशला ते पटकन पटलं. माणसाला सोयीचं ते पटकन पटतंच.

धोंडीचा मुलगा लडक्या शेतावरून धावत आला. त्याने आणि परेशने धोंडीला उचलून खाली आणलं. परेश पुढे, मध्ये धोंडी, मागे तिला धरून लडक्या. वर रश्मीने मुलांना वर्गात पाठवलं होतं. परेशने गाडी चालू केली. वळण घेताना आरशात शाळेचं मैदान दिसलं, आणि त्याने पाहिलं की आत गेलेली मुलं डोक्यावर हात ठेवून पुन्हा बाहेर धावत येत होती.

त्याचा हात ढिला पडला, गॅस सुटला. गॅस सुटला की काय होतं ते रूपेशने सांगितलंच होतं. धाड, धाड. आरशात सगळ्यात पुढची मुलगी जमिनीवर पालथी पडली.

दवाखान्यापर्यंतचा रस्ता त्याने कसा काढला हे त्यालाच ठाऊक. धोंडी त्याच्या पाठीला कपाळ टेकून कण्हत होती. हळू चालवलं तर तिला उशीर, जोरात चालवलं तर वाटेतल्या प्रत्येक पाड्यावर आवाज. दारात उभी असलेली माणसं वळून बघायची तेव्हा तो मान खाली घालायचा.

सरकारी दवाखान्यात नर्सने विचारलं, "कसं भाजलं?"

"भूकंप झाला ना," लडक्या म्हणाला. "दोनदा झाला. आम्ही निघताना पोरं परत बाहेर पळाली. हे सायेब देवासारखे आले बघा. नायतर मी आयेला घेऊन कुठं गेलो असतो?"

परेश शेजारीच बाकावर बसला होता. सांगायला तोंड उघडलं. मनात म्हणाला, आधी पट्टी होऊ दे. पट्टी झाली. म्हणाला, आधी तिला इंजेक्शन देऊ देत. मग धोंडीने पडल्या पडल्या त्याचा हात धरला आणि कपाळाला लावला. त्यानंतर त्याच्याने बोलवलं नाही. त्याला इतकी लाज वाटली की तो बाहेर जाऊन नळाखाली तो हात धूत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने आशागडला जाऊन जुना सायलेन्सर परत बसवून घेतला.

"का हो? वाजत नाही?" रूपेश हिरमुसला.

"वाजतो. जास्तच वाजतो."

नवा सायलेन्सर गोणपाटात गुंडाळून त्याने जिन्याखाली ढकलला. त्याला वाटलं, मिटलं. गाडी गप्प झाली, आता आपणही गप्प बसावं.

पण करंजपाडा गप्प बसायला तयार नव्हता. बरेच महिने जमीन शांत होती, आणि आता एकाच दिवशी दोनदा! सगळा पाडा अंथरुणं घेऊन बाहेर आला. घरापुढे बांबू रोवून वर प्लास्टिक टाकलं आणि त्याखाली बिऱ्हाडं मांडली. पौषातली थंडी, सकाळी गवतावर दव इतकं की पाय भिजावेत. रश्मी आंब्याखाली वर्ग भरवू लागली. रोज घरी येऊन सांगायची, आज अमक्याला ताप, आज तमका खोकतोय. लडक्याची बायको तानी ओली बाळंतीण होती. तिचं तान्हं पोर प्लास्टिकखाली. त्याची छाती भरली होती.

"वेधशाळेच्या नोंदीत त्या दिवसाचं काहीच नाही म्हणे," रश्मी एकदा भाजी निवडताना म्हणाली. "मी लडक्याला सांगितलं, नोंद नाही म्हणजे अगदी हलका असणार, जा आत. तर म्हणतो, बाई, यंत्राला कळला नाय म्हणजे हा वेगळाच आहे. आता बोला!"

ती जी भाजी निवडत होती ती वालाची पापडी धोंडीने पाठवलेली. त्याआधी कोनफळ आलं होतं. पाय बरा होत नव्हता, लंगडत होती, तरी दर आठवड्याला रश्मीच्या हाती काही ना काही यायचं. "सायबांना द्या." परेशला ती पापडी घशाखाली उतरायची नाही. रश्मी विचारायची, तब्येत बरी नाही का? तो म्हणायचा, पित्त झालंय.

एका रविवारी दुपारी ती म्हणाली, "तानीच्या बाळाला दवाखान्यात ठेवलंय. श्वास लागतोय त्याला."

 परेश जेवता जेवता उठला, जिन्याखालून गोणपाट ओढून आणलं आणि तिच्यापुढे सोडलं. मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आंबा, टेकडी, आरसा, सगळं. सांगताना त्याचा आवाज आणखीच बारीक झाला.

पांड्याकाकांनी कान टवकारले असतील तर त्या दिवशी त्यांना काहीच ऐकू आलं नाही. रश्मी ओरडली नाही. गोणपाट बाजूला सारून तिने ती नळी बघितली.

"त्या दिवशी मी पोरांना शाबासकी दिली," ती म्हणाली. "वर्गात टाळ्या वाजवल्या त्यांच्यासाठी."

"मला माफ कर."

"मला काय सांगता? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा."

बाळ सुखरूप परत आलं, आणि त्याला पुन्हा प्लास्टिकखालीच ठेवलं. तेव्हा परेश रश्मीबरोबर वडापच्या जीपने पाड्यावर गेला. लोकांनी त्याच्यासाठी खाट टाकली, तानीने कोरा चहा आणला. तो खाटेवर बसला नाही. उभा राहून म्हणाला, "तो भूकंप नव्हता. माझी गाडी होती. मी गाडीचा आवाज वाढवून घेतला होता. खाली आंब्यापाशी वाजवली. दोन्ही वेळा मीच होतो. तुम्ही आत जाऊन झोपा. माझी चूक झाली."

 मग लडक्या हसला. अगदी मायेने हसला.

"सायेब, पोराचा ऐकून आलात ना? आम्ही आत जावा म्हणून सांगता."

"खरं सांगतोय मी."

"तुमची गाडी मी बघितली की. मी बसलो होतो तिच्यावर."

"मग आवाज नाही ऐकलास?"

"आयेचा पाय बघू का आवाज ऐकू?"

धोंडी भिंतीला टेकून बसली होती. पाय पुढे पसरलेला, पट्टी मळलेली. ती म्हणाली, "गाडीचा आवाज कानात लागतो, सायेब. तो माझ्या पोटात लागला होता. इतकी वर्षं ऐकते मी, मला कळत नाय काय? तुम्ही चांगले माणूस आहात. आमच्यासाठी आपल्या अंगावर घेता. पण आम्ही नाय जायचे आत."

बायकांनी माना डोलावल्या. एका म्हाताऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. परेशला वाटलं, कुणी एक मुस्कटात द्यावी म्हणजे मोकळं होता येईल. पण त्यांनी त्याला दुसरा चहा दिला आणि निघताना पिशवीत चांगली मोठाली कोनफळं घातली. खरं सांगून तो आधीपेक्षा मोठा देवमाणूस होऊन परतला. जीपमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन बसला होता आणि शरमेने त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

"आता?" त्याने विचारलं.

"आता ऐकवा त्यांना," रश्मी म्हणाली. "दुसरा इलाज नाही."

रूपेशने काही न विचारता नळी पुन्हा बसवून दिली. पुढच्या रविवारी सकाळी रश्मी आधी वर गेली आणि सगळ्या पाड्याला शाळेच्या मैदानात जमवून उभी राहिली. आता सरांची गाडी वाजणार आहे, कुणी घाबरायचं नाही, असं तिने मुलांना चार चार वेळा बजावलं. मग कडेला येऊन ओढणी हलवली.

खाली परेशने गाडी चालू केली. त्या शनिवारी केलं तेच सगळं केलं. गॅस दिला, सोडला, पुन्हा दिला. टेकडीने आवाज घेतला आणि दुप्पट करून वर पाठवला. त्या दिवशी याच आवाजाने तो शीळ घालत होता. आज गाडी बंद केली तेव्हा आधी वर मैदानाकडे बघितलं.

तो पायवाट चढून वर आला. मुलं जमिनीवर बसली होती, डोक्यावर हात ठेवून. एवढं बजावूनही बसली होती. बायांनी लेकरं छातीशी धरलेली. तानीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.  मग लडक्या घराकडे वळला आणि प्लास्टिकच्या दोऱ्या सोडायला लागला. तानी बाळाला घेऊन आत गेली. एकेक करत लोक निघाले, अंथरुणं गुंडाळली जाऊ लागली, बांबू उपटले जाऊ लागले. त्याच्याकडे कुणी रागाने बघितलं नाही. कुणी बघितलंच नाही.

धोंडी तेवढी शाळेच्या भिंतीशी बसून होती. परेश तिच्यापुढे खाली बसला.

"त्या दिशी दवाखान्यात तुम्ही माझ्या बाजूला होता ना?" तिने विचारलं.

"हो."

"तेव्हा ठाऊक होता तुम्हाला?"

"हो."

"मी तुमचा हात डोक्याला लावला तेव्हा?"

"हो, आजी."

 ती भिंतीला धरून उठली आणि लंगडत घराकडे गेली. त्या दिवशी कुणी खाट टाकली नाही, कुणी चहा विचारला नाही. वालाची पापडीही पुढे कधी आली नाही.

रूपेशने ती नळी घणाने ठेचून भंगारात टाकली. परेश समोर उभा राहिला. जुना सायलेन्सर बसला, गाडी सभ्य झाली. तिकीट खिडकीवर कुणी "मॅडम" म्हटलं तर आता तो ओशाळत नसे. ती लाज फारच किरकोळ वाटायला लागली होती.

पाडा आत झोपायला लागला, शाळा वर्गात भरायला लागली, बाळ बाळसं धरायला लागलं. एकदा रश्मीने सहज सांगितलं की मधल्या सुट्टीत मुलांनी नवा खेळ काढलाय. एक जण तोंडाने ढमढम करत येतो, बाकीची डोक्यावर हात ठेवून पळतात, आणि मग सगळी "सरांची गाडी, सरांची गाडी" म्हणून जमिनीवर लोळून हसतात. सांगताना ती हसली. परेशही हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. पोरांची भीती गेली, त्याला वाटलं. तेवढं तरी निस्तरलं.

होळीच्या आधीची गोष्ट. परेशची सकाळची ड्यूटी होती. तो एका बाईला झाईकडे जाणाऱ्या बसची वेळ समजावून सांगत होता, तेवढ्यात खिडकीची काच थरथरली. टेबलावरचा पेला जरासा सरकला. त्या बाईने खांब धरला. बाहेर कुणीतरी म्हणालं, "झाला वाटतं, तलासरीकडे."

त्याने रश्मीला फोन लावला. पाड्यावर रेंज नसते. पुन्हा लावला. ड्यूटी संपेपर्यंत लावत राहिला आणि मग गाडी काढून आशागडच्या नाक्यावर, तिची जीप थांबते तिथे जाऊन उभा राहिला. जीप आली. रश्मी उतरली. केसात कौलाचा लाल चुरा होता.

"सगळी ठीक आहेत," तिने आधी तेच सांगितलं. "कुणाला काही झालं नाही. चार-पाच कौलं पडली, रिकाम्या बाकावर. त्या बाकावरच्या दोघी आज आल्या नव्हत्या."

"पण मुलं तर बाहेर असतील ना? आवाज आला असेल आधी."

"आला. चांगला लांबलचक आला."

"मग?"

रश्मी त्याच्याकडे बघत नव्हती. खांद्यावरची पर्स उगाच सारखी करत होती.

"कुणी उठलं नाही," ती म्हणाली. "एक जण पण नाही. धोंडीआजी शेडमध्ये चुलीपुढे बसली होती, तीपण उठली नाही. आणि मी... मी खडू ठेवला आणि खिडकीतून खाली रस्त्याकडे बघितलं. तुम्ही का आलात, म्हणून."

तिने केसांतला चुरा झटकला.

"पहिल्या रांगेतली मुलगी म्हणाली, 'बाई, सर आले.' आणि सगळा वर्ग हसला. हसत होती सगळी, तेव्हा धक्का बसला."